ड्रोन घेण्याआधी नकाशा उघडा

“घ्या बिनधास्त. अडीचशे ग्रॅमच्या आतला आहे, याला काही लागत नाही.” ड्रोन विकणाऱ्याच्या तोंडी हे वाक्य ठरलेले असते. त्यात अर्धे सत्य आहे आणि गिऱ्हाईक नेमके त्या अर्ध्या सत्यावर पैसे मोजते. अडीचशे ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला पायलटचे प्रमाणपत्र लागत नाही, विम्याचीही सक्ती नाही, हे खरे. पण तोच ड्रोन मुंबईत शिवाजी पार्कावर, रायगडावर होळीच्या माळावर किंवा ताडोबाच्या जंगलात वर चढवला, तर त्याचे वजन कोणी विचारत बसणार नाही. पोलीस असोत, पुरातत्त्व खाते असो की वनखाते, पहिला प्रश्न एकच येतो: इथे उडवायची परवानगी दाखवा.

भारतातले ड्रोनचे नियम वजन, हेतू, जागा आणि कागद या चार गोष्टींवर उभे आहेत. बहुतेक जण वजनापासून सुरुवात करतात, कारण दुकानदार तिथूनच सुरुवात करतो. माझा सल्ला उलटा आहे. जागेपासून सुरुवात करा, तीही ड्रोन विकत घेण्याच्या आधी. जिथे राहता, जिथे फिरता किंवा जिथे धंदा करायचा आहे, तिथे तो उडवताच येत नसेल तर बाकीच्या तीन गोष्टींची चौकशी करून उपयोग काय?

आज लागू आहेत ते ‘ड्रोन नियम, २०२१’. त्या वर्षीच्या ऑगस्टअखेरीस ते आले. त्याआधीचा इतिहास उलटसुलट आहे. ऑक्टोबर २०१४ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, खासगी ड्रोन उडवायला सरसकट मनाई केली. १ डिसेंबर २०१८ पासून बऱ्याच अटी घालून दार किलकिले झाले. मार्च २०२१ मध्ये नवे नियम आले, ते इतके किचकट की पाचच महिन्यांत बदलावे लागले. पंचवीस अर्जांचे पाच अर्ज झाले आणि बहुतेक कामांचे शुल्क शंभर रुपयांवर आले. पुढे २०२२ आणि २०२३ मध्ये आणखी दुरुस्त्या झाल्या. हे सांगायचे कारण असे की यूट्यूबवरचे बरेचसे ‘मार्गदर्शन’ या मधल्या कुठल्यातरी टप्प्यावर थांबलेले आहे. विमानतळापासून पंचेचाळीस किलोमीटर, पायलटला पासपोर्ट सक्तीचा, प्रत्येक उड्डाणाला परवानगी, असे कोणी सांगू लागला तर व्हिडिओची तारीख आधी पाहा.

हिरवा, पिवळा, लाल

सरकारच्या ‘डिजिटल स्काय’ संकेतस्थळावर देशाच्या आकाशाचा नकाशा आहे. २४ सप्टेंबर २०२१ रोजी तो पहिल्यांदा खुला झाला. तो कोणालाही फुकट पाहता येतो. त्यावर हिरवा, पिवळा आणि लाल अशी तीन क्षेत्रे आहेत.

हिरव्या क्षेत्रात जमिनीपासून ४०० फुटांपर्यंत, म्हणजे साधारण १२० मीटरपर्यंत, ड्रोन उडवायला आगाऊ परवानगी लागत नाही. त्याच जागी ४०० फुटांच्या वर गेलात की तुम्ही पिवळ्या क्षेत्रात शिरलात. पिवळ्या क्षेत्रात हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी हवी. लाल क्षेत्रात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय प्रवेशच नाही, आणि हौसेखातर ती मिळण्याची आशा धरू नये.

विमानतळाभोवतीचा हिशेब जरा नीट समजून घ्यावा लागतो. चालू विमानतळाच्या हद्दीपासून आठ ते बारा किलोमीटरच्या पट्ट्यात हिरवे क्षेत्र फक्त २०० फुटांपर्यंत आहे, त्यावर पिवळे. आठ किलोमीटरच्या आत आलात की परवानगीशिवाय ड्रोन पिशवीतून बाहेर काढू नये हे उत्तम. अंतर टर्मिनलच्या दारापासून नव्हे, विमानतळाच्या कुंपणापासून मोजतात. कोल्हापूरकरांनी हे मुद्दाम लक्षात ठेवावे. उजळाईवाडीचा विमानतळ इतका जवळ आहे की शहराचा बराच भाग या वर्तुळांत सापडतो.

परवानगी कोणाकडे मागायची, हेही जागेप्रमाणे बदलते. काही विमानतळांवर हवाई वाहतूक नियंत्रण भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे असते, पण पुण्यात लोहगावला ते हवाई दलाकडे आहे, ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सकडे आणि गोव्यात दाबोळीला नौदलाकडे. त्यामुळे “एअरपोर्टवर ओळख आहे” या वशिल्याचा इथे काही उपयोग होत नाही. लष्करी तळांचे तर विचारूच नका. देवळालीचे तोफखाना केंद्र, खडकवासल्याची एनडीए, तुर्भ्याचे भाभा अणुसंशोधन केंद्र, तारापूरचा अणुवीज प्रकल्प ही सगळी ठिकाणे आपल्या रोजच्या सहलींच्या वाटेवर आहेत. गोव्याच्या सुट्टीत बोगमाळोच्या किनाऱ्यावर ड्रोन उडवण्याचा मोह होतो, पण तो किनारा दाबोळीच्या विमानतळाला जवळजवळ खेटून आहे. उत्तर गोव्यातही आता मोपाचा विमानतळ आहे, हे विसरू नये.

हा नकाशा कायमचा नसतो. २०२५ मध्ये अमरावतीजवळच्या बेलोऱ्याहून आणि सोलापुरातून प्रवासी विमानसेवा सुरू झाली, ऑक्टोबरात नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. नवा विमानतळ चालू झाला की त्याच्याभोवतीच्या आकाशाचे नियम बदलतात. दोन वर्षांपूर्वी नवी मुंबई विमानतळाशेजारच्या उलव्यात उडवला होता म्हणून आजही उडवता येईल, असे समजणे धोक्याचे. नकाशा उड्डाणाच्या दिवशी पाहायचा. ही नुसती माझी सूचना नाही, उड्डाणापूर्वी त्या भागात काही निर्बंध लागू आहेत का हे तपासणे नियमानेच पायलटवर बंधनकारक केले आहे.

याशिवाय तात्पुरते लाल क्षेत्र असते. राज्य सरकार किंवा पोलीस अधीक्षक दर्जाचा अधिकारी एखाद्या भागावर एका वेळी जास्तीत जास्त ९६ तासांसाठी अशी बंदी घालू शकतो. बड्या नेत्याचा दौरा असो की मोठी मिरवणूक, कारण काहीही असू शकते. आपल्याकडे दौरे आदल्या रात्री ठरतात, तेव्हा सकाळच्या शूटिंगसाठी संध्याकाळी पाहिलेला नकाशा पुरेसा नाही.

आकाश मोकळे, जमीन नाही

नकाशावर हिरवा रंग दिसला की काम झाले, असे मानणारे निम्मे लोक इथेच फसतात. तो रंग फक्त विमान वाहतुकीच्या दृष्टीने बोलतो. जमिनीवर ज्या खात्याचा अधिकार चालतो, त्या खात्याच्या वतीने तो काही सांगत नाही.

पहिले खाते पोलिसांचे. मुंबई पोलीस ड्रोन, रिमोटवर चालणारी छोटी विमाने, पॅराग्लायडर आणि हॉट एअर बलून यांच्यावर बंदीचे आदेश वेळोवेळी काढतात. मुदत संपत आली की पुन्हा नवा आदेश निघतो. पूर्वी ते फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघत, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतात. ते मोडले तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली गुन्हा दाखल होतो. या आदेशांत अडीचशे ग्रॅमच्या आतल्या ड्रोनलाही सूट नाही. मरीन ड्राइव्हच्या राणीच्या हाराचे हवाई चित्र काढायची इच्छा असेल, तर लेखी पोलीस परवानगी आधी आणि ड्रोन नंतर. मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षाच्या काळात ही बंदी किती कडक झाली होती, ते मुंबईकरांना आठवत असेल. इतर जिल्ह्यांतही सण, निवडणूक, यात्रा यांच्या निमित्ताने जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त असे आदेश काढतात. ते डिजिटल स्कायवर दिसतीलच असे नाही. स्थानिक पोलीस ठाण्यात एक फोन करणे हा त्यावरचा साधा उपाय.

खेड्यात तर हा फोन नियमात नसला तरी करावाच. २०२४ च्या पावसाळ्यात पुणे आणि बीड जिल्ह्यांतल्या गावांमधून रात्री आकाशात ड्रोन घिरट्या घालतात अशा बातम्या येत होत्या. चोरीसाठी टेहळणी चालली आहे, असे लोकांना वाटले आणि तरुणांनी रात्र रात्र पहारे दिले. त्या भागात अनोळखी माणूस संध्याकाळी बांधावर उभा राहून ड्रोन उडवू लागला तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको. सरपंच किंवा पोलीस पाटील यांना आधी भेटा, गाडीवर नाव-नंबर दिसू द्या आणि अंधार पडायच्या आत आवरा.

दुसरे खाते पुरातत्त्वाचे, आणि मराठी माणसाचा ड्रोन सगळ्यात जास्त इथेच अडकतो. जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले. त्यांतले शिवनेरी, लोहगड, रायगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि तमिळनाडूतला जिंजी हे आठ भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आहेत. साल्हेर, राजगड, खांदेरी आणि प्रतापगड हे चार राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे. म्हणजे रायगडाचा अर्ज एका कार्यालयात आणि राजगडाचा दुसऱ्याच. अजिंठा-वेरूळही केंद्राकडे. केंद्र संरक्षित स्मारकावर ड्रोनने चित्रण करायचे तर पूर्वपरवानगी हवी. “सगळेच करतात, रील्स पाहा की” हा युक्तिवाद पहारेकऱ्यासमोर टिकत नाही, कारण त्याला तुमचे रील नव्हे, साहेबाच्या सहीचा कागद पाहायचा असतो.

तिसरे वनखाते. कळसूबाई, रतनगड आणि हरिश्चंद्रगड हे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतात. भीमाशंकर अभयारण्य आहे, कोयना-चांदोली सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहेत. शनिवार-रविवारी तिथे जाणाऱ्या ट्रेकरला आपण अभयारण्यात उभे आहोत याची कल्पनाच नसते. अभयारण्यात ड्रोनसाठी वनखात्याची लेखी परवानगी लागते, आणि ती प्रामुख्याने संशोधन, गणना, संरक्षण अशा कामांना मिळते. मला हे योग्यच वाटते. कड्याच्या कपारीत गिधाडांची घरटी असतात, आणि माणसाला जो आवाज माशीच्या गुणगुणण्याइतका वाटतो तो अंड्यांवर बसलेल्या पक्ष्याला हुसकावून लावू शकतो.

कड्यावरून उडवणाऱ्यांसाठी

४०० फुटांची मर्यादा डोंगरात कशी मोजायची, याचा विचार फार थोडे लोक करतात. समजा, तुम्ही कड्याच्या टोकावर उभे आहात. ड्रोन ३० मीटर वर चढवला आणि दरीच्या दिशेने सोडला. तुमच्या हातातल्या स्क्रीनवर उंची ३० मीटरच दिसते, कारण ती उड्डाणाच्या जागेपासून मोजलेली असते. पण ड्रोनखालची जमीन आता पाचशे मीटर खाली गेलेली आहे. नियम जमिनीपासूनच्या उंचीचा आहे. तुम्ही नकळत पिवळ्या क्षेत्रात शिरलात, तेही मर्यादेच्या चौपटीहून अधिक उंचीवर. कोकणात उतरणाऱ्या सगळ्या कड्यांवर ही गोष्ट लागू आहे. दरीचे दृश्य हवे असेल तर पायथ्याच्या बाजूने उडवा किंवा कड्याच्या पठारावरच राहून कॅमेरा दरीकडे वळवा.

नियम बाजूला ठेवला तरी कड्यावरून ड्रोन हरवण्याचे प्रमाण मोठे असते ते तीन कारणांनी. दुपारनंतर दरीतून वर येणारा वारा हलक्या ड्रोनला मागे लोटतो. ड्रोन कड्याच्या कडेखाली गेला की रिमोटचा संपर्क तुटतो. मग तो आपोआप परत यायला निघतो, आणि परतीची उंची आधी नीट ठरवलेली नसेल तर कातळावर आदळतो. घारी त्याच्यावर झेप घेतात ते वेगळेच. कातळाला आग्या मोहोळ दिसले तर त्या दिवशी ड्रोन बाहेर काढूच नका. माशा उठल्या तर तुमच्याबरोबर गडावरच्या अनोळखी माणसांचाही जीव जाऊ शकतो.

ड्रोन नजरेच्या टप्प्यात ठेवा. नजरेआडची उड्डाणे हा खास परवानगीचा विषय आहे, हौशी माणसाचा नाही.

वजन आणि हेतू

आता वजनाकडे वळू. २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यापुढे २ किलोपर्यंत मायक्रो, २५ किलोपर्यंत स्मॉल, १५० किलोपर्यंत मीडियम आणि त्यापुढे लार्ज. हे वजन ड्रोनने उचललेल्या ओझ्यासकट धरतात. २४९ ग्रॅमच्या ड्रोनला जादा क्षमतेची बॅटरी, पंख्यांभोवतीचे संरक्षक कडे किंवा फिल्टर लावला की तो मायक्रोत गेला. खोक्यावरचा आकडा त्यानंतर कामाचा राहत नाही. भाजीवाल्याच्या काट्यावर नव्हे, पण घरातल्या स्वयंपाकाच्या डिजिटल काट्यावर एकदा सगळे जोडून वजन करून पाहा.

पायलट प्रमाणपत्राचा नियम वजन आणि हेतू यांच्या जोडीने चालतो. नॅनोला ते लागत नाही. मायक्रो ड्रोन बिगर व्यावसायिक कामासाठी उडवत असाल तरीही लागत नाही. मायक्रो ड्रोनने धंदा करायचा असेल, किंवा स्मॉल व त्यावरचा कोणताही ड्रोन असेल, तर प्रमाणपत्र हवे. लग्नाचे फोटोग्राफर २४९ ग्रॅमच्या ड्रोनवर का भाळतात, याचे उत्तर या नियमातच आहे.

व्यावसायिक म्हणजे काय, यावर वाद घालणारे बरेच भेटतात. मित्राच्या लग्नात हौसेने शूटिंग केले, पैसे घेतले नाहीत, हे बिगर व्यावसायिक. पाकीट घेतले की ते काम झाले. बिल्डरच्या प्रकल्पाची चित्रफीत, शेतमोजणी, पत्र्याच्या शेडची पाहणी, हॉटेलच्या जाहिरातीचे दृश्य हे सगळे व्यावसायिक. ज्या यूट्यूब वाहिनीला जाहिरातींचे पैसे मिळतात तिच्यासाठी केलेले चित्रणही मी व्यावसायिकच धरीन, आणि मायक्रो ड्रोन वापरत असाल तर तुम्हीही तसेच धरा. अपघात झाल्यावर विमा कंपनी किंवा पोलीस याचा अर्थ तुमच्या सोयीने लावणार नाहीत.

प्रमाणपत्रासाठी वय १८ ते ६५, दहावी उत्तीर्ण आणि डीजीसीएने मान्यता दिलेल्या संस्थेतले प्रशिक्षण, एवढ्या अटी आहेत. २०२३ च्या दुरुस्तीनंतर पासपोर्ट नसला तरी चालतो. मतदार ओळखपत्र, शिधापत्रिका किंवा वाहन परवाना पुरतो. प्रमाणपत्र दहा वर्षे चालते. सरकारी शुल्क शंभर रुपये आहे, खरा खर्च प्रशिक्षणाचा. तेव्हा फी भरण्याआधी संस्थेचे नाव डीजीसीएच्या यादीत आजही आहे का, आणि कोणत्या वर्गाच्या ड्रोनसाठी तिला मान्यता आहे, हे पाहून घ्या. प्रमाणपत्र ड्रोनच्या प्रकारानुसार व वर्गानुसार मिळते. “सर्टिफिकेट कोर्स” अशी पाटी लावून रंगीत कागद देणारे क्लास गावोगाव निघाले आहेत. त्यांच्या कागदाला भिंतीवर लावण्यापलीकडे किंमत नाही.

विकत घेताना

मायक्रो किंवा त्यावरचा ड्रोन घ्यायचा तर त्या मॉडेलला टाइप सर्टिफिकेट असले पाहिजे आणि ड्रोनला स्वतःचा नोंदणी क्रमांक, ज्याला यूआयएन म्हणतात, तो मिळाला पाहिजे. यूआयएनचेही शुल्क शंभर रुपये. नोंदणी आणि पायलट प्रमाणपत्राचे अर्ज आता डीजीसीएच्या ईजीसीए पोर्टलवर होतात. नॅनोला आणि हौशी एरोमॉडेलिंगच्या विमानांना टाइप सर्टिफिकेटची अट नाही.

घोळ इथेच सुरू होतो. ९ फेब्रुवारी २०२२ रोजी केंद्राने परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली. तयार असो, सुट्या भागांचा अख्खा संच आणून जोडायचा असो, बंदी दोन्हीला आहे. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा यांनाच सूट. सुटे भाग आणता येतात, अख्खा ड्रोन नाही. आणि बाजारात मात्र चिनी कंपनीचे नवेकोरे मॉडेल सर्रास मिळते, बिलाशिवाय, “दुबईवरून आलेय” या हमीवर. त्याला टाइप सर्टिफिकेट नाही, म्हणून मायक्रो असेल तर नोंदणी नाही. नोंदणी नाही म्हणून उडवणे बेकायदा, आणि बिघडला तर हमीपत्रही नाही. देशी टाइप सर्टिफिकेटवाले ड्रोन मुख्यतः फवारणी, सर्वेक्षण अशा कामांचे असतात, हौशी छायाचित्रकाराला पर्याय फारच थोडे. धोरणाने हौशी माणसाची कोंडी केली आहे, हे मला मान्य आहे. पण त्या कोंडीतून बाहेर पडायची वाट चोरबाजारातून जात नाही.

परदेशातल्या मुला-भाच्यांना हे आधीच कळवा. अमेरिकेत किंवा आखातात दुकानातून रीतसर घेतलेला ड्रोन भेट म्हणून आणला, तरी मुंबईच्या विमानतळावर सीमाशुल्क खात्याच्या घोषणापत्रात त्याची माहिती द्यावी लागते. लपवून आणला आणि सापडला तर जप्ती होते, वर दंड.

जुना ड्रोन घेत असाल तर विकणाऱ्याकडे यूआयएन मागा आणि तो तुमच्या नावावर करून घ्या. हस्तांतराचा अर्ज आणि शंभर रुपये, बस. ३० नोव्हेंबर २०२१ पूर्वी देशात आलेल्या ड्रोनना नोंदणीची एक संधी दिली होती. विकणाऱ्याने ती तेव्हा घेतली नसेल तर स्वस्तात मिळतो म्हणून ते ओझे गळ्यात बांधून घेऊ नका. नवा घेत असाल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून ड्रोनवरचा जीएसटी ५ टक्के झाला आहे. बिलावर तोच दर लावला आहे ना, पाहा.

फवारणीचा धंदा

खेड्यात ड्रोनचा खरा पैसा फवारणीत आहे. दहा लिटरच्या टाकीचा फवारणी ड्रोन भरल्या वजनाला साधारणपणे स्मॉल वर्गात बसतो. म्हणजे पायलट प्रमाणपत्र, टाइप सर्टिफिकेट, यूआयएन आणि विमा यांतून सुटका नाही. स्वतःच्या शेतात उडवत असाल तरीही नाही. “माझे शेत, माझे आकाश” हा समज शेतकऱ्यांमध्ये पक्का आहे, तो सोडून द्यावा.

केंद्राच्या ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेत बचत गटांना ड्रोन आणि जोडसामानाच्या किमतीच्या ८० टक्के, जास्तीत जास्त आठ लाख रुपये, मदत आहे. उद्दिष्ट १५ हजार गटांचे होते. शेती यांत्रिकीकरणाच्या योजनेतून शेतकरी उत्पादक कंपन्या, अवजार बँका आणि कृषी पदवीधर यांनाही वेगवेगळ्या दराने अनुदान ठेवलेले आहे. अर्ज करण्याआधी तालुका कृषी अधिकाऱ्याकडे त्या वर्षीचा निधी आणि दर विचारून घ्या, आणि अनुदान हाती पडेल या भरवशावर कर्ज काढू नका.

कृषी मंत्रालयाने डिसेंबर २०२१ मध्ये ड्रोन फवारणीची कार्यपद्धती ठरवून दिली आहे. औषध ड्रोनसाठी मान्य असलेलेच वापरायचे. पाठीवरच्या पंपाच्या तुलनेत ड्रोनमधले द्रावण फार तीव्र असते, त्यामुळे पंपाचे प्रमाण तसेच्या तसे उचलून चालत नाही. शेजारच्या शेतकऱ्याला आदल्या दिवशी सांगा. त्याच्या रानात द्राक्षे असतील, रेशमासाठी तुती असेल किंवा मधपेट्या असतील, तर तुमच्या औषधाचा वाऱ्यावर आलेला फवारा त्याचे पीक घालवील आणि भरपाईचा दावा तुमच्यावर येईल. या धंद्याचा एक फायदा मात्र निर्विवाद आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ड्रोनने फवारताना माणूस औषधाच्या धुक्यातून चालत नाही.

विमा, दंड, अपघात

नॅनो वगळता सगळ्या ड्रोनना त्रयस्थ पक्षाचा विमा लागतो. मोटार वाहन कायद्यातल्या विम्याच्या आणि भरपाईच्या तरतुदीच इथे लागू केल्या आहेत. ड्रोन कोणाच्या डोक्यात पडला तर गाडीने ठोकरल्यासारखीच जबाबदारी येते. नॅनोला विम्याची सक्ती नाही, पण नुकसान झाले तर जबाबदारीतून सुटका होत नाही. मी नॅनोवाल्यालाही विमा घ्यायलाच सांगेन.

अपघात झाला तर ४८ तासांच्या आत ऑनलाइन कळवावे लागते. या नियमांच्या भंगासाठी दंड एक लाख रुपयांपर्यंत होऊ शकतो, आणि इतर कायद्यांखालची शिक्षा त्याहून वेगळी. शेजारच्या गच्चीवर किंवा खिडकीत डोकावणारा कॅमेरा हा त्यातलाच प्रकार. बाईचे खासगी क्षण चोरून टिपणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खालचा गुन्हा आहे, मग कॅमेरा हातात असो की हवेत. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राने ड्रोनसाठी स्वतंत्र विधेयकाचा मसुदा सूचनांसाठी प्रसिद्ध केला. त्यात तुरुंगवासाचीही तरतूद सुचवली आहे. पुढे नियम सैल होतील, अशा आशेवर कोणी कागदांची टाळाटाळ करू नये.

विमानाने प्रवास करताना सुट्या बॅटऱ्या हातातल्या सामानातच ठेवा, चेक-इन बॅगेत नाही. शंभर वॉट-तासांपेक्षा मोठी बॅटरी असेल तर विमान कंपनीला आधी विचारा.

शेवटी एक विनंती ड्रोन नसलेल्यांना. घरात लग्नकार्य असेल आणि फोटोग्राफरच्या पॅकेजमध्ये ड्रोन असेल, तर विसार देण्याआधी ड्रोनचे वजन विचारा. अडीचशे ग्रॅमच्या वरचा असेल तर यूआयएन, पायलट प्रमाणपत्र आणि विमा हे तीन कागद मोबाइलवर मागवून घ्या. आतला असेल तर खरेदीचे बिल मागा. मंगल कार्यालयाचा पत्ता डिजिटल स्कायच्या नकाशावर स्वतः टाकून पाहा. कागद नसतील तर पॅकेजमधून ड्रोन वगळा आणि तेवढे पैसे कमी करून घ्या.